हिरवळींतील अनाहूत रोपें

आमच्या शाळेच्या कचेरीपुढील हिरवळ महाडांतील पुष्कळ पालकांच्या परिचयाची आहे. वार्षिक परीक्षेचा निकाल घेण्यास येणारी मंडळी तिच्याच कडेला उभी राहतात. निकाल चांगला लागला तर हिरवळीची स्तुति करतात, आणि न लागला तर तिजकडे पाहतही नाहींत. गेल्या पावसाळ्यांत पोलादपुराकडील एक पालक कांहीं दाखल्याच्या कामासाठीं आले असतां, इयत्ता आठवीचीं मुलें या हिरवळींत वांकून कांहींतरी उपटीत आहेत असें त्यांनीं पाहिलें. गृहस्थ जातिवंत शेतकरी. त्यांनीं ढिगांतील एक रोप उचललें, निरखून पाहिलें आणि आम्हांस विचारलें, "मास्तर, हा तर किंजळ. परवां याच पोरांकडून तुम्ही मैदानाच्या कडेला झाडें लावून घेतलींत, भाषणें झालीं, फोटो निघाले. आणि आज तींच पोरें झाडें उपटीत आहेत. हें काय?"

आम्हीं उत्तर दिलें कीं हिरवळ ती हिरवळ आणि रान तें रान. प्रत्येक वस्तु आपापल्या जागीं शोभते. त्यांनीं मान डोलावली, दाखला घेतला, आणि तें किंजळाचें रोप ओल्या फडक्यांत गुंडाळून ते घेऊन गेले. त्यांनीं वाद घातला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला, आणि त्याचा जो विचार आम्हीं केला तो येथें मांडीत आहों. ज्यांच्या घरापुढें चार हात हिरवळ किंवा परसू आहे त्यांस त्यांतील कांहीं भाग उपयोगीं पडेल.

प्रथम हीं रोपें येतात कोठून तें पाहूं. महाडास वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखांत जमीन मोकळी राहत नाहीं. हिरवळ म्हणजे माणसानें बळें राखलेली मोकळी जागा होय. त्यानें हात आंखडला कीं ती रान होऊं लागते. बिया येण्याचे मार्ग तर अनेक. ऐनाच्या फळास पांच पंख असतात आणि किंजळाच्या फळास एक पंख मोठा असतो. उन्हाळ्यांतील वाऱ्यावर तीं भिरभिरत येतात. सांवरीची बी कापसांत बसून येते. जांभळें पांखरें खातात, वटवाघळें खातात आणि मुलें तर खातातच. बी थुंकण्यास हिरवळीसारखी जागा त्यांस दुसरी सांपडत नाहीं. आंब्याच्या दिवसांत शाळा बंद असते, परंतु शाळेच्या आवारांतील आंबे बंद नसतात. जूनमध्यें गवतांत कोयी सांपडतात त्या कोणीं टाकल्या याची चौकशी आम्हीं आजवर केलेली नाहीं. शेणखत घातलें कीं त्यांतून बोरी, बाभळी व सुबाभळी येतात. कारण गुरांनीं व शेळ्यांनीं खाल्लेल्या फळांतील आणि शेंगांतील कठीण बिया त्यांच्या पोटांतून पुष्कळदां अखंड बाहेर पडतात.

या नेहमींच्या मार्गांखेरीज आमच्या हिरवळीस आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे सावित्री नदी. दिनांक २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत जें पाणी शिरलें त्याचें वर्णन येथें करण्याची गरज नाहीं. ज्या घरांत तें शिरलें तीं घरें तें विसरलेलीं नाहींत. पाणी ओसरलें तेव्हां हिरवळ नव्हतीच, तिच्या जागीं गाळ होता. वह्या, बांकें आणि कपाटें धुण्याच्या गडबडींत हिरवळीकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती, तेव्हां वरचा गाळ काढून टाकला आणि बाकीचा तसाच राहिला. पुढील पावसाळ्यांत त्याच गाळांतून हरळीनें डोकें वर काढलें. पण तिच्या जोडीला करंजांचीं इतकीं रोपें उगवलीं कीं आम्ही चकित झालों. करंज नदीकांठचें झाड. त्याची चपटी, कठीण शेंग पाण्यावर तरंगते, आणि नदी नेईल तेथें जाऊन रुजते. एरवीं काठावर थांबणारी ती शेंग त्या वर्षीं आमच्या कचेरीच्या पायरीपर्यंत आली होती.

आतां गवत आणि झाड यांतील मुख्य भेद लक्षांत घेतला पाहिजे, कारण हिरवळीचें सर्व शास्त्र त्यावर उभें आहे. गवताचा वाढीचा बिंदु जमिनीलगत, पात्याच्या बुडाशीं असतो. वरचें पातें गाईनें खाल्लें किंवा यंत्रानें कापलें तरी तें खालून पुन्हां वाढतें. झाडाच्या रोपाचा वाढीचा बिंदु मात्र शेंड्यास असतो. शेंडा गेला तर त्यास खालच्या एखाद्या डोळ्यांतून नवा फुटवा काढावा लागतो, आणि खालीं डोळाच नसेल तर तें मरतें. म्हणूनच नियमानें कापलेल्या हिरवळींत बहुतेक रोपें आपोआप नाहींशीं होतात. मग कांहीं रोपें कितीही कापलीं तरी पुन्हां कां येतात?

याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांत आहे. वालाचें बिरडें करण्यासाठीं आपण वाल भिजवून मोड आणतों. असा मोडाचा वाल कुंडींत लावून पाहावा. चार दिवसांत त्याचीं दोन्ही दळें मातीवर उचललेलीं दिसतील आणि त्यांच्या मधून पानें फुटतील. आतां तसाच एक वाटाणा लावावा. त्याचीं दळें मातींतच राहतील, वर येईल तो केवळ कोंब. झाडांतही हे दोन पंथ आहेत. चिंच, गुलमोहर, साग, सुबाभूळ हीं वालाच्या पंथाचीं. आंबा, फणस, जांभूळ, करंज हीं वाटाण्याच्या पंथाचीं. पहिल्या पंथाचें कोंवळें रोप दळांच्या खालीं कापलें तर त्यास फुटण्यास डोळा उरत नाहीं, आणि तें संपतें. दुसऱ्या पंथाच्या रोपाचे राखीव डोळे दळांच्या बगलेंत, जमिनीच्या आंत सुरक्षित असतात. शिदोरीही तेथेंच असते. आंब्याचा कोंब खुडला कीं कोयींतून दुसरा येतो. जांभळाच्या एकाच बीतून पुष्कळदां दोन-तीन रोपें निघतात, त्यामुळें एक उपटलें तर दुसरें राहतें. आमचा माळी ज्या रोपांस "चिवट" म्हणतो तीं बहुतेक याच पंथाचीं आहेत, असें आमच्या आठवीच्या मुलांनीं स्वतः खणून पाहून ठरविलें. पाठ्यपुस्तकांत बीजांकुरणाचें जें चित्र असतें तें मुलें पाठ करतात. तें पायाखालीं असतें हें त्यांस त्या दिवशीं समजलें.

बियांचा दुसराही एक भेद व्यवहारांत फार महत्त्वाचा आहे. आंबा, फणस व जांभूळ यांच्या बिया सुकल्या कीं मरतात. त्या पावसाच्या तोंडावर पडतात व लगेच रुजतात. फणसाची आठळी पुढल्या वर्षासाठीं राखून ठेवतां येत नाहीं. म्हणून या झाडांचीं रोपें जुलैंत एकदां काढलीं कीं त्या वर्षापुरतें काम झालें. सुबाभूळ, गुलमोहर आणि बहावा यांचें तसें नाहीं. त्यांच्या बियांचें कवच इतकें कठीण असतें कीं पाणी आंत शिरत नाहीं, आणि त्या मातींत वर्षानुवर्षें वाट पाहत पडतात. कांहीं यंदा रुजतील, कांहीं पुढल्या वर्षीं, कांहीं त्याच्याही पुढें. सागाचें फळही असेंच आळशी. रोपवाटिकेंत तें आळीपाळीनें भिजवून व सुकवून जागें करावें लागतें. अशा झाडाखालीं हिरवळ करणाऱ्यानें दरसाल खुरपें हातीं घेण्याची तयारी ठेवावी, किंवा शेंगा वाळून फुटण्यापूर्वींच वेंचून टाकाव्या.

आतां उपटण्याची रीत. ज्यांनीं भाताचा तरवा काढला आहे त्यांस ती शिकविण्याची गरज नाहीं. दोन सरी पडून जमीन भिजली कीं रोप खोडाच्या अगदीं बुडाशीं, मातीला लागून धरावें आणि सरळ वर ओढावें. वांकडें ओढल्यास खोड तुटतें व मूळ आंत राहतें. वेळ महत्त्वाची आहे. झाडाचें रोप वर चार बोटें दिसतें तेव्हां त्याचें सोटमूळ खालीं त्याहून लांब गेलेलें असतें. पहिल्या पंधरा दिवसांत मुलाच्या दोन बोटांनीं निघणारें रोप पुढल्या वर्षीं पहार मागतें. जुनें झालेलें रोप निघतच नसेल तर अरुंद खुरप्यानें मुळाच्या बाजूची माती सैल करून, जितकें खोल जाईल तितकें जाऊन तें छाटावें आणि खड्डा दाबून त्यावर हरळीची एक मुळी लावावी. मोकळी राहिलेली जागा म्हणजे पुढल्या बीला आमंत्रणच. हरळी दाट असेल तर बारीक बीला मातीच मिळत नाहीं. वड-पिंपळाची बी मोहरीहून कितीतरी बारीक असल्यामुळें तीं रोपें दाट हिरवळींत सहसा दिसत नाहींत. तीं दिसतात भिंतीच्या फटींत, पागोळीखालीं, आणि रायगडाच्या जुन्या तटांत, जेथें त्यांस स्पर्धा करणारें कोणी नसतें. तेथून त्यांस काढण्याचा प्रश्न निराळा व अधिक कठीण आहे. तो येथें घेत नाहीं.

सुबाभळीविषयीं मात्र थोडें लिहिलें पाहिजे, कारण तिच्याशीं आमचें वैयक्तिक भांडण आहे. ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें चाऱ्यासाठीं व सरपणासाठीं तिचा पुष्कळ प्रसार केला, आणि जेथें गुरें तिला खाऊन टाकतात तेथें ती अद्यापि उपयोगी आहे. जेथें गुरें नाहींत तेथें ती कोणाचें ऐकत नाहीं. आमच्या हिरवळीच्या कोपऱ्यांत अशी एक सुबाभूळ मनगटाएवढी होईपर्यंत कोणाच्या लक्षांत आली नाहीं. ती कापली, बुडख्यांतून दहा फुटवे आले. ते कापले, आणखी आले. तेव्हां कोणींतरी सांगितलें कीं बुडख्यावर मीठ घालावें. आम्हीं बी. एस्सी. होऊनही तें ऐकलें आणि पांच किलो जाडें मीठ त्यावर ओतलें. दोन आठवड्यांत तेथील हरळी गाडीच्या चाकाएवढ्या वर्तुळांत करपून गेली. सुबाभूळ मधोमध टवटवीत उभी होती. तिची मुळें मिठाच्या पुष्कळ खालीं होतीं. मीठ बसलें तें उथळ मुळांच्या गवतावर. शेवटीं माळ्यानें टिकाव घेऊन बुडखा मुळासकट खणून काढला, आणि त्यास अर्धा दिवस पुरला. हें प्रथमच करावयाचें होतें.

रासायनिक औषधांविषयींही पालक विचारतात. टू-फोर-डी नांवाचें द्रव्य दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत शोधून काढलें गेलें. तें रुंद पानांच्या वनस्पति मारतें व गवतास बहुधा सोडतें. ग्लायफोसेट नांवाचें दुसरें द्रव्य गवतासही सोडीत नाहीं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. ज्या गवतावर मुलें बसून डबा खातात, ज्याचें पाणी वाहून विहिरीकडे जातें, आणि ज्याच्या शेजारीं कोणाचा तरी मिरची-वांग्यांचा वाफा असतो, तेथें अशा द्रव्यांचें काम नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. चाळीस मुलें आणि पाऊण तास एवढ्यांत आमची सारी हिरवळ स्वच्छ होते.

लहानपणींच उपटण्याचें आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रांत १९६४ सालीं झाडें तोडण्याच्या नियमनाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचींत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ हीं आमच्या हिरवळींतील बहुतेक मंडळी आहेत. आज जें रोप चिमटींत येतें तेंच दुर्लक्षामुळें कचेरीच्या भिंतीशीं वृक्ष झालें, तर तें काढण्यासाठीं अर्ज, पाहणी आणि परवानगी लागेल.

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें शेतकीच्या प्रयोगांची एक जुनी संस्था आहे. तेथें ब्रॉडबाल्क नांवाच्या गव्हाच्या शेताचा एक तुकडा १८८२ सालीं कापणी न करितां मुद्दाम सोडून देण्यांत आला. थोड्याच वर्षांत गहू तेथून नाहींसा झाला, रानगवत माजलें, मग झुडपें आलीं. पुढें या तुकड्याचे भाग पाडले गेले. एका भागांत उगवणारीं झाडाझुडपांचीं रोपें दरसाल खणून काढूं लागले. दुसऱ्यास कोणीं हात लावला नाहीं. हात न लावलेल्या भागांत आज मोठ्या वृक्षांचें रान आहे, आणि त्याच्या शेजारीं, तीच माती व तोच पाऊस असून, रोपें काढलेला भाग अजून झाडांविना आहे. एका बाजूला रान आणि एका बाजूला गवत, आणि मधें फरक एवढाच कीं कोणी तरी दरवर्षीं वांकून रोपें काढलीं. हें आम्हीं वर्गांत सांगितलें तेव्हां एका मुलीनें विचारलें, "सर, मग आपले डोंगर कोण खुरपतें?"

प्रश्न सरळ होता, पण त्यानें आम्हांस त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे परत नेलें. आमची हिरवळ कुंपणाच्या आंत आहे. तींत शेळी येत नाहीं, वणवा येत नाहीं. म्हणून तींत ऐन, किंजळ, जांभूळ, सांवर सारें उगवतें. महाडच्या व पोलादपुराच्या उघड्या डोंगरांवर याच बिया याच वाऱ्यानें पडतात, आणि जूनमध्यें तेथेंही रोपें दिसतात. परंतु फेब्रुवारी ते मे या काळांत वणवा लागतो आणि उरलेलें शेळ्या खातात. राबासाठीं ऐन-किंजळांचे टहाळ तोडण्याची चाल जुनी. जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें तेव्हांही ती होती. तरी ऐनाचें रोप सहज हार मानीत नाहीं. वरचें खोड जळलें तरी त्याचें मूळ जिवंत राहतें व पुढल्या पावसांत पुन्हां कोंब काढतें. असें कित्येक वर्षें चालूं शकतें. डोंगरावर गवतांत चार बोटांचा ऐन दिसला तर तो यंदाचाच असेल असें समजूं नये. त्याचें मूळ आठवीच्या मुलाच्या वयाचेंही असूं शकेल. ज्या उतारावर असे जुने जीव आहेत तेथें नवीं झाडें लावण्याहून वणवा थांबविणें अधिक फलदायी होतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या दिवशीं महाडांत पाणी आलें त्याच दिवशीं संध्याकाळीं तळिये येथें डोंगर खचला व ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतही दरडी कोसळून जीव गेले. तेव्हांपासून झाडें असतीं तर हें घडलें नसतें असें पुष्कळ लोक मुलांस सांगतात. आम्ही तसें सांगत नाहीं. झाडाचीं मुळें वरचा हात-दोन हात थर बांधून ठेवतात, पावसाचा मारा कमी करतात, माती वाहूं देत नाहींत. हें सर्व खरें. पण त्या चोवीस तासांत महाबळेश्वरास, जेथून सावित्री निघते तेथें, जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पाण्यानें खोलपर्यंत भिजलेला उतार जेव्हां सुटतो तेव्हां तो वरचीं झाडें घेऊन सुटतो. ज्या मुलांचे आप्त त्या दिवशीं गेले त्यांस अर्धवट खरें सांगणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. उताराला तडा दिसला, झाड किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर घर सोडून सुरक्षित जागीं जावें, हें मुलांस आधीं शिकविलें पाहिजे. झाडांचा धडा त्यानंतर.

तरीही किंजळाचें रोप कचऱ्यांत टाकणें आतां आमच्यानें होत नाहीं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही उपटण्याआधीं निवड करतों. सुबाभूळ, गुलमोहर व बोर हीं सरळ खतखड्ड्यांत जातात. ऐन, किंजळ, जांभूळ व करंज हीं दोन ते चार पानांवर असतांना, ढगाळ दिवशीं, खुरप्यानें मातीच्या गोळ्यासकट उचलून पिशवींत लावतों आणि आठ दिवस सांवलींत ठेवतों. आठवडाभराचा उशीर झाला तर सोटमूळ तुटतें, आणि मग तें रोप जगलें तरी रखडतें. फणस यांत फारच नाजूक. त्याची आठळी कायमच्या जागींच पुरणें बरें. साग पिशवींत ठेवण्यांत अर्थ नाहीं. वर्षाच्या रोपाचें खोड व मूळ छाटून त्याची जडी पावसाच्या आरंभीं लावतात. आंब्याचें रोप तसेंच वाढविलें तर हापुसाच्या कोयीतूनही हापूसच येईल असें नाहीं. पण त्याचीं पानें तांबूस असतांना, कोय रुजल्यापासून दहा-पंधरा दिवसांच्या आंत, चांगल्या झाडाची काडी आणून कोय कलम बांधतां येतें. कोंकणांतील जुलै-ऑगस्टची दमट हवा यास फार अनुकूल आहे, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ही रीत घरोघर पोहोंचविली आहे. आमच्या मुलांनीं नऊ बांधलीं, त्यांतील चार लागलीं. हिरवळींतून फुकट आलेल्या कोयींस हा वाटा वाईट नाहीं.

हिरवळ अर्थातच हिरवळ राहिली आहे, आणि दर शनिवारीं पावसाळ्यांत ती खुरपली जाते. काढलेल्या रोपांच्या पिशव्या मागील व्हरांड्यालगत ओळीनें मांडल्या आहेत. किंजळ व करंज पुष्कळ आहेत, ऐन थोडे, जांभळें मध्यम. ज्या पालकांस बांधावर किंवा वाडीच्या कडेला लावण्यास हवीं असतील त्यांनीं जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत, पहिला चांगला पाऊस झाल्यावर, कचेरींत सांगून न्यावीं. जेथें पहिलीं दोन वर्षें शेळी व वणवा यांपासून राखणें शक्य नाहीं तेथें नेऊं नयेत. पोलादपुराकडील ते गृहस्थ त्यानंतर शाळेंत आलेले नाहींत. त्यांच्या मुलाकडून मात्र असें कळलें कीं फडक्यांतून नेलेला किंजळ जगला आहे. एकदां शेळीनें शेंडा खाल्ला, तो पुन्हां फुटला, आणि आतां त्याच्याभोंवतीं करवंदीच्या कांट्या लावल्या आहेत.